विंचूरजवळील एक सकाळ

विंचूर म्हटलें कीं सरदार विठ्ठल शिवदेव यांचें नांव प्रथम आठवतें. परंतु गेल्या माघांत आम्ही तेथें उतरलों तें जवळच्या नांदूर मध्यमेश्वर जलाशयाकरितां. गोदावरी-कादवांच्या संगमावरील हें पाणथळ २०२० सालीं महाराष्ट्रांतील पहिलें रामसर क्षेत्र म्हणून जाहीर झालें.

आमच्या घरीं पूर्वीं बंदूक होती. १९७२ च्या वन्यजीव कायद्यानंतर वडिलांनीं ती सरकारांत जमा केली; शिकाऱ्याची हांव मात्र आमच्यांत उरली होती. कॅमेरा घेऊन आम्ही दबकत पुढें सरकलों, तोंच चक्रवाकांचा थवा उडाला. चित्र मिळालें नाहींच, शिवाय दूरदेशाहून आलेल्या पाहुण्यांना आम्हीं भरल्या ताटावरून उठविलें!

ओशाळून आम्ही मागें आलों व तिपाईवर एकनळी दुर्बीण उभारली. तिच्या नेत्रभिंगाशीं लहान भिंगाचा साधा कॅमेराच चांगला जुळतो. मोठ्या भिंगानें चित्राच्या कडा काळवंडतात. ऊन चढलें कीं हवा थरथरून चित्र पुसट होतें, म्हणून सकाळचाच प्रहर साधावा.

घटकाभरानें चक्रवाक परतले व निर्धास्त चरूं लागले. वाचकांनींही कॅमेरा निवडतांना इतकें दूर बसण्याची सोय आधीं पाहावी.