मांडीवरचे रसविघ्न

अभिनवगुप्ताने 'अभिनवभारती'त रसास्वादाच्या आड येणारी सात विघ्ने सांगितली आहेत. एम.ए.च्या वर्गात भारतीय साहित्यशास्त्र शिकवताना त्यांपैकी एका विघ्नापाशी आम्ही वर्षानुवर्षे अडखळत आलो. ते म्हणजे 'निजसुखादिविवशीभाव'. स्वतःच्याच सुखदुःखात गुरफटलेला माणूस रंगमंडपात देहाने येऊन बसतो खरा, पण त्याचे चित्त समोरच्या प्रयोगात विसावत नाही. उदाहरण म्हणून आम्ही कधी निकालाची चिंता सांगत असू, तर कधी दाढदुखी. विद्यार्थी हसत आणि पुढच्या विघ्नाकडे वळत. खरे उदाहरण आम्हाला २०२४च्या कोजागरीला सापडले. ते सात महिन्यांचे होते आणि आमच्या मांडीवर बसून आमच्याच शालीचे टोक चघळत होते.

आम्ही दोघेही मराठीचे अध्यापक. चाळिशी ओलांडल्यावर घरात मूल आले. त्याआधीची दहा-बारा वर्षे आमच्या संसाराचा खरा पंचांग गाण्याच्या मैफलींनी आखलेला असे. मिरजेला मीरासाहेबांच्या दर्ग्यात अब्दुल करीम खाँसाहेबांच्या स्मरणार्थ होणारा उत्सव आणि डिसेंबरात पुण्याचा 'सवाई' हे दोन ठरलेले; मधल्या काळात सांगली, सातारा, कोल्हापूर, जिथे शेवटच्या एस.टी.ने परतता येईल तिथे. आमच्यातली एक लहानपणापासून गाणे शिकलेली, 'विशारद' झालेली. नोकरी लागल्यावर तिचा रियाज सुटला. दुसरा शुद्ध कानसेन. राग ओळखण्यात चुकतो, पण समेवर दाद देण्यात कधीच चुकत नाही.

मुलीला मैफलीला का नेले, याचे उत्तर आम्ही तेव्हा ज्याला त्याला मोठ्या ऐटीत देत होतो. कानावर संस्कार व्हावेत म्हणून. सुभद्रेच्या पोटात अभिमन्यूने चक्रव्यूहाचा भेद ऐकला, मग आमच्या कन्येने मांडीवर बसून बागेश्री ऐकायला काय हरकत? अभिमन्यूने अर्धेच ऐकले होते आणि त्या अर्ध्याने त्याचा घात केला, हा कथेचा उत्तरार्ध आम्ही सोयीस्करपणे विसरत होतो. खरे कारण अगदी साधे होते. आम्हाला गाणे ऐकायचे होते आणि मुलीला ठेवायला कोणी नव्हते. संस्काराचा मुलामा आम्ही नंतर चढवला.

त्या कोजागरीला आमच्याच गावातल्या एका सभागृहात मैफल होती. तंबोरे जुळत असताना मुलगी आश्चर्य वाटावे इतकी स्तब्ध झाली. आम्ही एकमेकांकडे विजयी मुद्रेने पाहिले. विलंबित एकतालात बागेश्री सुरू झाली, बढत सावकाश मध्यमापर्यंत आली, आणि नेमक्या त्या क्षणी मांडीवरून एक बारीक तक्रारीचा सूर निघाला. तो तारसप्तकात जाणार हे आम्हाला ठाऊक होते. पुढच्या रांगेतले एक गृहस्थ मान न वळवता म्हणाले, "मुलांना घरी ठेवून यावे." पुढचे सारे दोन-तीन क्षणांत घडले. कोणी कोणाला काही विचारले नाही, काही ठरले नाही. आमच्यातली एक उठली आणि मुलीला घेऊन बाहेर गेली. दुसरा बसून राहिला.

जी उठली ती गाणे शिकलेली होती. मध्यमावर काय घडू घातले आहे, हे त्या दोघांपैकी तिलाच नीट कळत होते. पुढचा पाऊण तास तिने व्हरांड्यात पिण्याच्या पाण्याच्या टाकीपाशी फेऱ्या घालत काढला. कोणी आतबाहेर करताना दार उघडे, तेव्हा बागेश्रीची एखादी फोड कानावर पडे आणि दार मिटले की तुटे. आत बसलेला मात्र ठेका मांडीवर मोजत होता. त्याने तीनदा 'वा' म्हटल्याचेही त्याला आठवते.

घरी आल्यावर दूध आटवत असताना एका सहकाऱ्याचा फोन आला. कसे झाले गाणे? "आम्ही मनसोक्त ऐकले," फोन घेणाऱ्याने सांगितले. ओट्यापाशी उभी असलेली एवढेच म्हणाली, "तू ऐकलेस."

मराठीत प्रथमपुरुषाच्या अनेकवचनाला दोन रूपे आहेत. 'आपण' समोरच्याला सामावून घेते, 'आम्ही' त्याला वगळते. हा भेद व्याकरणाच्या तासाला आम्ही हौसेने शिकवतो. पण 'आम्ही' ज्यांच्या वतीने बोलते त्यांच्यातलेच एखादे माणूस त्यातून गळून पडू शकते, ही गोष्ट व्याकरणाच्या कोणत्याही प्रकरणात नाही. ती आम्हाला स्वतःच्या स्वयंपाकघरात शिकावी लागली. हा लेखही 'आम्ही'तच लिहिलेला आहे. म्हणून तो दोघांनी लिहिला, दोघांनी खोडला आणि वरच्या परिच्छेदातली तीन 'वा' गाळू नयेत, असे एकीने बजावले.

त्या गृहस्थांचा राग आम्हाला फार काळ करता आला नाही. त्यांचे म्हणणे चूक नव्हते. ख्यालाला शांतता लागते. गायक एका स्वरावर थांबतो तेव्हा तो त्या शांततेलाही गात असतो. मैफल ही करमणूक नव्हे, अशी भूमिका किशोरी आमोणकरांनी आयुष्यभर घेतली, आणि त्यांच्या कडक शिस्तीचे किस्से सांगताना आम्ही स्वतः नेहमी त्यांच्या बाजूचे असू. मूल रडले की त्याला बाहेर न्यावे, याबद्दल आमच्या मनात आजही शंका नाही. प्रश्न, कोणी न्यावे हा आहे. आणि तो प्रश्न न विचारताच सुटतो कसा, हाही.

गाण्यात लहान मूल नको, हा नियम आपल्याकडे सनातन नाही. गोंधळ-जागरणात, रात्रभर चालणाऱ्या दशावतारात, देवळातल्या कीर्तनात मुले आईच्या पदराखाली खुशाल झोपत आली आहेत. जात्यावरच्या ओवीला तर मांडीवरचे मूल हे विघ्न नव्हतेच. ती ओवी दळताना, मुलाला थोपटताना आणि मन मोकळे करताना एकदमच सुचत असे. बहिणाबाई चौधरींची कविता याच कामाच्या धांदलीतून आली. उलट राजदरबारातले आणि माडीवरचे गाणे कुटुंबवत्सल बायकांच्या वाट्याला कधी आलेच नाही. पुढे विष्णु दिगंबर पलुस्करांनी १९०१ साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढले, गाण्याला लोकांपुढे आणि प्रतिष्ठेच्या जागी आणून बसवले. त्यामुळे घरंदाज समजल्या जाणाऱ्या बायकांना श्रोत्यांत बसता आले. हे उपकार थोडे नाहीत. मात्र त्या सभागृहात बाईला जागा मिळाली ती एकटीला. तिच्या मांडीवरचे मूल बाहेर राहिले, आणि मूल बाहेर म्हणजे बहुतेक वेळा तीही बाहेर.

रंगमंचाच्या पलीकडच्या बाजूला याहून कठोर हिशेब होता. विठाबाई नारायणगावकर खेळ चालू असताना फडावरच बाळंत झाल्या आणि पुन्हा बोर्डावर उभ्या राहिल्या, ही हकिकत महाराष्ट्रात पिढ्यान्‌पिढ्या कौतुकाने सांगितली जाते. आम्हीही लोकसाहित्याच्या तासाला ती सांगत आलो. त्या कोजागरीनंतर ती सांगताना पहिल्यांदाच आम्हाला कनातीच्या पलीकडचा प्रेक्षक दिसला. तिकडे मूल जन्माला आले होते आणि इकडे पुढच्या लावणीची वाट पाहिली जात होती. रसिकता कोणाच्या तरी देहाचे मोल घेऊन उभी राहते, हे एकदा दिसले की कौतुक घशात अडकते.

या मनःस्थितीत डिसेंबर आला. 'सवाई'ला जावे की नाही, यावर घरात आठवडाभर वाद झाला. या महोत्सवाशी आमच्यातल्या एकीचे जुने नाते आहे. आपले गुरू सवाई गंधर्व यांच्या स्मरणार्थ भीमसेन जोशींनी तो १९५३ साली सुरू केला. तिच्या लहानपणी, १९८०च्या दशकात, तो रमणबागेच्या मैदानावर भरे आणि रात्र रात्र चाले. ध्वनिप्रदूषणाचे २०००चे नियम तेव्हा यायचे होते. लोक शाली, थर्मास घेऊन येत आणि उजाडता घरी जात. तिला तिची आई तिथे नेत असे. त्या रात्रींतले काय आठवते? भीमसेनांचा स्वर नाही. त्या वयात त्यांच्या गाण्यात ती गाढ झोपलेली असे. आठवतो तो गोधडीचा वास, सतरंजीखालची थंड माती आणि डोक्याखालची आईची मांडी. ती मांडी तालात बारीक हलत असे. लय नावाची वस्तू आपल्याला पहिल्यांदा तिथे भेटली, असे ती नेहमी सांगते.

यंदा तिने प्रथमच आईला उलट बाजूने विचारले. "तुला काय आठवते?" आईंनी क्षणभर विचार केला. म्हणाल्या, "तू झोपलीस की माझे गाणे सुरू व्हायचे. तोवर कोण काय गायले, देव जाणे."

आम्ही गेलो. शेवटचे दोन दिवस. या वेळी एस.टी.तच हिशेब ठरवून टाकला होता: एका कलाकाराच्या वेळी एक आत, पुढच्याच्या वेळी दुसरा, मुलगी बाहेरच्याकडे, आतल्याने मधेच उठायचे नाही, मागे वळून पाहायचे नाही. तिच्या कानांवर लावायला आवाज अडवणारी टोपणे घेतली होती. मोठ्या माणसांसाठीसुद्धा जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ साली सभा-समारंभांतल्या आवाजाला सरासरी १०० डेसिबलची वरची मर्यादा सुचवली आहे. तान्ह्या कानाची नळी तर किती अरुंद. म्हणून ध्वनिक्षेपकांपासून शक्य तितके दूर राहायचे ठरले. संस्कार व्हायचे तर ते दुरूनही होतील.

मुकुंदनगरच्या त्या मैदानात मांडवाच्या कडेची एक वेगळी वस्ती असते, हे इतक्या वर्षांत आम्हाला दिसले नव्हते. खाद्यपदार्थांच्या दुकानांपासून मांडवाच्या शेवटच्या खांबापर्यंतच्या त्या पट्ट्यात नातवंडे खांद्यावर घेतलेल्या आज्या होत्या, पाठीला आराम देणारे म्हातारे होते, कढईवरून हात न काढता मान डोलावणारा एक भजीवाला होता. एक तरुण बाप झोपलेल्या मुलाला घेऊन तीन पावले पुढे, तीन मागे असा चालत होता. जरा वेळाने लक्षात आले की तो झपतालात चालतो आहे, पण पावले मात्र तीनच टाकतो आहे, आणि म्हणून सारखा चुकतो आहे. गाणे तिथवर स्पष्ट येत होते. कोणी कोणाला गप्प करीत नव्हते, तरी फारसे कोणी बोलत नव्हते.

अभिनवगुप्ताने विघ्नाबरोबर त्यावरचा उपायही सांगितला आहे. निजसुखदुःखाने वेढलेल्या माणसाचे मन निवळावे म्हणूनच नाट्यात गीत-वाद्ये आणि सजवलेला मंडप यांची योजना असते. त्यांच्या योगाने अहृदय माणूसही सहृदय होतो. म्हणजे सहृदयाने आधी निर्मळ होऊन मंडपात यावे, अशी अट त्याने घातलेली नाही. गुरफटलेला माणूस तिथे येणार हे त्याने धरलेलेच आहे. इतकी वर्षे हा भाग आम्ही वेळेअभावी उरकत आलो होतो.

मुलीचे म्हणाल तर तिने दोन दिवसांत जे उत्तम होते ते झोपेत घालवले आणि एका चहाच्या कागदी पेल्यावर मनापासून प्रेम केले. तिचे कान तयार झाले असे सांगण्याजोगे आमच्याजवळ काहीही नाही.

रविवारी संध्याकाळी आत जाण्याची पाळी गाणे शिकलेलीची होती. बाहेरचा मुलीला खांद्यावर टाकून त्या शेवटच्या खांबापाशी उभा राहिला. पहिल्या वीस मिनिटांत मुलगी दोनदा रडली, एकदा दूध ओकली. तो तिला घेऊन फाटकापर्यंत गेला, परत आला. बडा ख्याल त्याला तुकड्यातुकड्यांनी ऐकू आला. समा हुकल्या. दाद द्यायला हातही मोकळा नव्हता.

तास-सव्वा तासाने ती बाहेर आली. ओल्या डोळ्यांनी वगैरे नाही; लांबच्या प्रवासातून उतरलेल्या माणसासारखी, जरा बावरलेली. तिने मुलीला घेतले. त्याने विचारले, "राग कोणता होता?" तिने सांगितले नाही. परतीच्या गाडीतही सांगितले नाही. मुलगी झोपल्यावर खिडकीकडे तोंड करून ती काहीतरी गुणगुणत होती, एक ओळ पुन्हा पुन्हा, अंतऱ्यावर जाऊन परत फिरत.

जानेवारीत माळ्यावरचा तंबोरा खाली उतरवला. तारा गंजल्या होत्या, जवारी गेली होती. तो मिरजेला नेऊन दुरुस्त करून आणला. आता सकाळी साडेपाच ते सव्वासहा मुलगी दुसऱ्याकडे असते. दार लावलेले असते. आतून बागेश्री ऐकू येते, वेळेचा राग नसला तरी. मध्यमापर्यंत येते, थांबते, पुन्हा पहिल्यापासून सुरू होते.