वाढ आणि ओढ

उंची वाढली की प्रगती झाली, असे आम्ही पुष्कळ वर्षे मानीत आलो. मुलांची उंची दाराच्या चौकटीवर पेन्सिलीने नोंदवावी आणि स्वतःची सेवापुस्तिकेत! म्हणूनच आमच्या कुंडीतले रोप एका हिवाळ्यात चार बोटे उंच झाले, तेव्हा आम्हांला प्रथम आनंदच झाला.

हे रोप आईचे. ती गेल्यानंतर साताऱ्याचे घर आवरताना अंगणाच्या पायरीवरून आम्ही ते दिल्लीस आणले. जाड, मांसल पाने एकात एक बसलेली. आई त्याला ‘दगडी गुलाब’ म्हणे. शास्त्रातले त्याचे नाव एचेव्हेरिया. अतानासिओ एचेव्हेरिया या मेक्सिकन चित्रकाराच्या नावावरून ते १८२८ साली ठेवले गेले. मेक्सिकोच्या खडकांवरून साताऱ्याच्या पायरीवर रुळलेल्या कुळाला दिल्लीची बदली जड जाऊ नये, असा आमचा हिशेब होता.

पण रामकृष्णपुरममधील आमच्या निवासस्थानाचा सज्जा उत्तराभिमुख. त्यात पौषातले धुके. थंडी बाधेल म्हणून आम्ही रोप खोलीत आणले आणि मायेपोटी रोज पाणी घातले. रोप वाढले खरे. पण पानापानांत फटी पडल्या, रंग फिकटला आणि मान खिडकीकडे वळली. वसाहतीतील वृद्ध माळ्याने ते पाहिले आणि तो म्हणाला, “बाबूजी, यह बढ़ा नहीं है, धूप ढूँढ़ रहा है।”

आम्ही ग्रंथ उघडले, तर ते माळ्याच्याच बाजूचे निघाले. उजेड अपुरा पडला की रोप पाने भरण्याचे सोडून देठ लांबवते. उजेड एकाच बाजूने येत असेल, तर वाढीचे द्रव्य सावलीच्या बाजूस साठते, तिकडच्या पेशी लांबतात आणि रोप प्रकाशाकडे झुकते. त्या झुकण्याची जाणीव अंकुराच्या टोकाला होते, हे चार्ल्स डार्विन व त्यांचे पुत्र फ्रान्सिस यांनी १८८० साली दाखवून दिले. अंधारात पाणी जितके अधिक, तितकी ही पोकळ वाढ अधिक. म्हणजे आमच्या मायेनेच घात केला होता.

एकदा लांबलेला देठ पुन्हा आखूड होत नाही. उन्हात ठेवल्याने पुढची पाने तेवढी दाट येतात. उपाय एकच, शेंडा कापणे. आईच्या झाडाला पाते लावण्यास आमचा हात पंधरा दिवस धजला नाही. अखेर सौ. म्हणाल्या, “सासूबाई असत्या तर त्यांनी केव्हाच कापलं असतं.” ते खरेच होते.

फाल्गुनात, थंडी ओसरल्यावर, स्पिरिटने पुसलेल्या पात्याने आम्ही बोटभर देठासह शेंडा उतरवला. तो लगेच मातीत लावायचा नसतो. चार-पाच दिवस सावलीत कोरडा पडू द्यायचा; जखम सुकण्यापूर्वी पाणी मिळाले, तर रोप कुजते. बदलीवर नव्या गावी गेलेल्या माणसालाही पहिले काही दिवस असेच राहू द्यावे, असे आम्हांला त्या वेळी वाटून गेले. नंतर निम्मी माती आणि निम्मी जाड वाळू, जिला दिल्लीत ‘बदरपूर’ म्हणतात, अशा मिश्रणात तो शेंडा रोवला. काही आठवड्यांत त्याला मुळे फुटली; आणि उरलेल्या खुंटालाही बाजूने तीन इवले गुलाब आले.

आता दोन्ही कुंड्या जिन्याच्या पूर्वेकडील कठड्यावर असतात. प्रथम त्यांना तासभरच ऊन दिले, कारण सावलीत वाढलेली पाने एकदम कडक उन्हात करपतात. हळूहळू सकाळचे चार तास झाले. आठवड्यातून एकदा कुंडी पाव वळसा फिरवतो; माती पूर्ण सुकल्यावाचून पाणी देत नाही. मे महिन्यात लू सुरू झाली की दुपारी जाळीची सावली, आणि पावसाळ्यात डोक्यावर आडोसा.

परवा धाकटीने विचारले, “आजीचं झाड यांतलं कोणतं?” आम्ही सरकारी माणसे. मूळ प्रत कोणती आणि नक्कल कोणती, याची नोंद केल्यावाचून आम्हांला चैन पडत नाही. या दोन कुंड्यांवर मात्र आम्ही अजून काहीच लिहिलेले नाही.