वारसाहक्काची वकिली भंडाऱ्यातही लागते

भंडारा

चि. बाळ,


वारसा आणि मृत्युपत्र याच विषयात पुढे जायचे तू ठरवलेस, याचा मला मनापासून आनंद झाला. वर्गातले म्हणतात, हे मुंबईच्या श्रीमंतांचे काम. मला हे मुळीच मान्य नाही. इथल्या दिवाणी न्यायालयात वाटणीचे किती दावे केवळ वेळेवर एक कागद न केल्यामुळे उभे राहतात, ते मी रोज पाहतो.

इंग्लंड-अमेरिकेच्या पुस्तकांत हा विषय वारसा कराभोवती फिरतो. आपल्याकडे तसला कर 1985 मध्येच रद्द झाला. आपला प्रश्न सातबाऱ्यावर नाव लागण्याचा आहे. पवनीकडच्या चार एकर धानाच्या बांधीवर तीन भावांची घरे चालतात आणि उताऱ्यावर अजून आजोबाच असतात. मृत्यूनंतर तीन महिन्यांत तलाठ्याकडे वारसांची वर्दी द्यायची, तेवढे राहून जाते. मग गोसीखुर्दसारख्या प्रकल्पात जमीन गेली की मोबदल्याच्या वेळी सारे घर तहसीलच्या चकरा मारते.

आणि तेव्हाच बहिणींना बोलावून घाईघाईने हक्कसोडपत्रावर सह्या घेतात. मला सर्वांत जास्त लागते ते हे. हिंदू उत्तराधिकार कायद्याच्या 2005 च्या दुरुस्तीने मुलीला जन्मानेच वडिलोपार्जित मिळकतीत मुलाइतका वाटा दिला. त्यासाठी दुरुस्ती लागू झाली त्या दिवशी वडील हयात असायलाच हवेत असे नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 2020 मध्ये विनीता शर्मा खटल्यात स्पष्ट केले. तरी सही करणाऱ्या बाईला आपण काय सोडतो आहोत हे कोणी सांगत नाही. तिचा भाऊ समोर बसलेला असतानाही तिला ते सांगणारी वकील तू हो.

तिला आणखी एक सांग. मूलबाळ नसलेली हिंदू विधवा मृत्युपत्राविना गेली, तर तिने स्वतःच्या पगारातून बांधलेले घरसुद्धा आधी नवऱ्याच्या वारसांकडे जाते. तिची आई हयात असली तरी तिचा नंबर नंतर.

शिकलेली माणसे म्हणतात, ‘नॉमिनी लावला आहे, झाले.’ ‘कालनिर्णय’कार जयंतराव साळगावकर 2013 मध्ये गेले. त्यांनी मृत्युपत्र केलेले होते, तरी गुंतवणुकीवर हक्क नॉमिनीचा की वारसांचा, हा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. 14 डिसेंबर 2023 रोजी निकाल लागला: केवळ नॉमिनी म्हणून कोणी मालक होत नाही.

मृत्युपत्राला मुद्रांक लागत नाही, नोंदणीची सक्ती नाही. ते करणाऱ्याची सही आणि दोन साक्षीदार पुरतात. वडिलोपार्जित मिळकतीत मात्र स्वतःच्या वाट्यापुरतेच लिहिता येते. एवढे सोपे असूनही लोक हा विषय अभद्र मानतात, म्हणून तुला कायद्याबरोबर बोलणेही शिकावे लागेल; म्हाताऱ्या माणसाजवळ बसून, घाई न करता.

शेवटच्या वर्षाची वाट पाहू नकोस. या सुट्टीत भंडाऱ्याला ये आणि आधी सातबारा, फेरफार व वारस रजिस्टर वाचायला शिक.

तुझा,
मामा