थंडी, शेगडी आणि साणं

आमचं घर धाब्याचं. खानदेशात ज्यांनी बालपण काढलं त्यांना वेगळं सांगायला नको. जाड मातीच्या भिंती, सागाचे सर, वर मातीचं सपाट छत आणि त्याच्या मधोमध साणं, म्हणजे उजेड यावा आणि धूर जावा म्हणून ठेवलेलं हातभर भोक. उन्हाळ्यात असं घर म्हणजे अल्लाहची नेमत. हिवाळ्यात मात्र वारा कुठून शिरतो ते कळत नाही. दाराच्या फळ्या आटलेल्या, खिडकीचं एक झडप कधीच नीट बसत नाही, आणि साण्यातून तर आभाळच घरात उतरतं.

२०१८ च्या डिसेंबरअखेर आमच्याकडे भयंकर थंडी पडली. रोज निफाडच्या पाऱ्याच्या बातम्या. अम्मींना, म्हणजे माझ्या सासूबाईंना, दम्याचा त्रास. मोठी मुलगी दहावीला, ती फज्रनंतर रजई गुंडाळून अभ्यासाला बसायची तर बोटांत पेन धरवत नसे. धाकटा तेव्हा सहा वर्षांचा, त्याचं नाक सतत वाहतं. मुलांचे अब्बू कामासाठी परगावी होते. मी मनाशी ठरवलं, या घराचा यंदा बंदोबस्त करायचाच.

एका रविवारी दिवसभर खपले. खिडकीच्या फटीत जुनी वर्तमानपत्रं कोंबली. दाराखाली जुन्या सलवारीचं फडकं गुंडाळून लावलं. शिडी लावून धाब्यावर चढले आणि साण्यावर जाड प्लॅस्टिक टाकून कडेनं विटा ठेवल्या. खाली आले तर घर खरंच शांत वाटलं. दिव्याची ज्योतसुद्धा हलली नसती! खरं सांगते, मला स्वतःचा मोठा अभिमान वाटला.

अम्मी बाजेवरून सगळं बघत होत्या. एवढंच म्हणाल्या, "बहू, घर को भी सांस लगती है."

मी हसले. बीएड झालेली, वीस वर्षं वर्गात उभी राहिलेली सून. तिला वाटलं, म्हाताऱ्या माणसांचं असंच असतं.

घरात लोखंडी शेगडी होती. अम्मींची पद्धत अशी की ती अंगणातच पेटवायची, निखारे लाल झाले की मगरिबच्या सुमारास आत आणायची, सगळ्यांनी हात-पाय शेकायचे, आणि इशानंतर चिमट्यानं उचलून परत अंगणात, वर राख लोटून. सकाळी तेच उरलेले निखारे पाण्याच्या बंबाला उपयोगी पडत. त्या रात्री मी ती बाहेर नेली नाही. उलट वखारीतून आणलेला लाकडी कोळसा आणखी चार मुठी घातला. धूर अजिबात नव्हता. धूर नाही म्हणजे धोका नाही, असा माझा हिशोब. वर एक पातेलं पाण्याचं शेजारी ठेवलं, कारण पाणी गॅस ओढून घेतं असं कुठंतरी ऐकलं होतं.

रात्री किती वाजले होते ठाऊक नाही. अम्मी तहज्जुदला उठतात, त्या सवयीनं उठल्या. डोकं जड, पाय उचलेनात. बाजूला धाकट्याला उलटी झाली होती आणि तो कण्हत होता. अम्मींनी मला हाका मारल्या. मला त्या ऐकू येत होत्या, हे आठवतं. पण उत्तर द्यावं असं वाटत नव्हतं. खूप गोड झोप होती ती. तेच आठवलं की आजही अंगावर काटा येतो. अम्मी भिंतीच्या आधारानं, मग रांगत दारापर्यंत गेल्या आणि कडी काढली. थंड वारा थेट तोंडावर आला तेव्हा मी भानावर आले. धाकट्याला ओढत बाहेर नेलं. मुलगी उठेना. तिला मी आणि शेजारच्या भाभींनी उचलून अंगणात आणलं. भाईजाननी रिक्षा काढली. दवाखान्यात तिला ऑक्सिजन लावला आणि उजाडता उजाडता तिनं डोळे उघडून पाणी मागितलं. अल्हम्दुलिल्लाह.

डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, "खोलीत कोळसा पेटवला होता का?" दुसरा, "खिडक्या बंद होत्या?" दोन्हींना माझी मान खाली.

नंतर मी विज्ञानाच्या सरांकडून सगळं समजून घेतलं. बंद खोलीत कोळशाला पुरेशी हवा मिळाली नाही की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही, धूरही नाही. आपल्या रक्तातलं हिमोग्लोबिन त्याला ऑक्सिजनपेक्षा २०० पटींहून अधिक घट्ट धरून बसतं, त्यामुळे श्वास चालू असला तरी शरीर आतून उपाशी. आधी डोकं दुखतं, मळमळतं, मग झोप. झोपलेल्या माणसाला तर डोकं दुखल्याचंही कळत नाही. लालबुंद निखाऱ्यांतूनही हा वायू निघतो, आणि पातेल्यातलं पाणी त्याला अडवत नाही. तो पाण्यात फारसा विरघळतच नाही. घरात एकाच वेळी दोघा-तिघांचं डोकं दुखू लागलं तर कुणी नजर लावली का ते बघत बसू नका. आधी दार उघडा, सगळ्यांना बाहेर काढा, मग दवाखाना.

म्हणजे इतकी वर्षं ज्या फटींना मी शिव्या घालत होते, त्यांनीच घर सांभाळलं होतं. आणि अम्मींनी शेगडी रात्री बाहेर नेण्याची शिस्त. झोपताना घरात आग पेटती ठेवू नका, ही हुजूर सल्लल्लाहु अलैहि व सल्लम यांची ताकीद बुखारी आणि मुस्लिम दोन्हींत आहे. मी ती मुलांना उर्दूच्या तासाला शिकवलेली आहे. माझ्या डोक्यात मात्र तिचा अर्थ पांघरुणाला ठिणगी लागू नये एवढाच होता.

आणखी एक गोष्ट मला पुष्कळ उशिरा कळली. त्या रात्री घुसमटल्यासारखं झालं म्हणून अम्मींनी त्यांच्या बाजेच्या बाजूचं, दाराखालचं फडकं हळूच ओढून काढलं होतं. मला वाईट वाटू नये म्हणून बोलल्या नाहीत. त्या फटीजवळच त्यांचं डोकं होतं.

आता आम्ही घर नाही, माणसं गरम करतो. इशानंतर शेगडी अंगणात जाते, प्रत्येकाच्या पायाशी गरम पाण्याची पिशवी, अम्मींच्या अंगात दोन स्वेटर, आणि बाज वाऱ्याच्या वाटेतून सरकवलेली. मुलगी आता कॉलेजला आहे. सुट्टीत आली की थंडीवरून कुरकुर करते, पण रात्री शेगडी बाहेर गेली का हे तीच उठून बघून येते.

ते प्लॅस्टिक अम्मींनी फेकू दिलं नाही. पावसाळ्यात साण्यावर तेच टाकतो. पाऊस उघडला की अम्मी बाजेवरून मान वर करून बघतात आणि मला हाक मारतात, "बहू, ऊपर जाओ." मी मुकाट्यानं शिडी लावते.