दूरचे दर्शन आणि जवळचा दम

आपण रस्त्यावरची वर्दळ पाहतो, आभाळाकडे पाहतो, वाट पाहतो. परंतु देवाला नुसते पाहत नाही, त्याचे दर्शन घेतो. 'घेणे' या क्रियापदात आपल्या पूर्वजांनी फार मोठा विवेक साठवून ठेवला आहे. जे घ्यावयाचे त्यासाठी हात रिकामे करावे लागतात, पायांतील वहाणा काढाव्या लागतात, घटकाभर रांगेत उभे राहावे लागते. गाभाऱ्यातील मूर्ती स्थिर असते. श्रम करावयाचे ते पाहणाऱ्याने. या दृष्टीने विचार केला म्हणजे 'दूरदर्शन' हा शब्द मोठा चमत्कारिक वाटू लागतो. दूर बसून, श्रमावाचून, वहाणांसकट दर्शन घडू शकते काय? आणि घडत असेल, तर कोणत्या अटीवर? या प्रश्नाचे उत्तर मला एखाद्या ग्रंथात मिळाले असते तर मी ते येथे उतरून दिले असते. ते मिळाले एका खेळाच्या निमित्ताने, आणि म्हणून थोडी घरची हकिगत सांगणे भाग आहे.

आमचे बिऱ्हाड कामरेजला आहे. सुरत शहराच्या ईशान्येस, तापीच्या काठी, मुंबई-अहमदाबाद हमरस्त्यावरचे हे गाव. टिंब्याच्या गळतेश्वर महादेवाला जाणारे भाविक याच वाटेने जातात. कापडाच्या आणि हिऱ्यांच्या धंद्यामागोमाग सुरतेच्या परिसरात जी हजारो खानदेशी कुटुंबे आली, त्यांपैकीच आमचे एक. माझे वडील, ज्यांना आम्ही अण्णा म्हणत असू, ते मूळचे अमळनेरकडचे. अमळनेरची बोरी नदी तापीला मिळते आणि तापी कामरेजवरून समुद्राकडे जाते. त्यामुळे "आपण गाव सोडले असे म्हणू नका, आपण फक्त पाण्याबरोबर खाली आलो," असे ते नेहमी म्हणत.

अण्णांनी तरुणपणी बोरीच्या वाळूत हुतूतू खेळला होता. वैशाखात सखाराम महाराजांच्या यात्रेच्या दिवसांत आसपासच्या गावांचे गडी जमत, आणि वाळूत टाचेने रेघ ओढली की मैदान तयार होई. या खेळाला साहित्य लागत नाही. चेंडू नाही, दांडू नाही, जाळे नाही. लागतो तो दम. प्रतिपक्षाच्या अंगणात शिरावयाचे, एका श्वासात 'हुतूतू' घुमवीत राहावयाचे, गडी शिवावयाचा आणि तो श्वास तुटण्यापूर्वी मध्यरेषा गाठावयाची. एका श्वासाची जेवढी लांबी तेवढेच गड्याचे आयुष्य, असा हा हिशेब आहे.

या हुतूतूचा कबड्डी होण्याचा प्रवास महाराष्ट्र आणि गुजरात या दोहोंच्या भूमीवर घडला, ही गोष्ट आम्हां सीमेपलीकडच्या मराठी मंडळींना विशेष जिव्हाळ्याची वाटते. बडोद्याच्या हिंद विजय जिमखान्याने १९२३ च्या सुमारास या खेळाचे नियम प्रसिद्ध करून सामने भरविले. १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकाने त्याचे प्रात्यक्षिक दाखविले. १९५० मध्ये अखिल भारतीय संघटना झाली, आणि पुढे शंकरराव ऊर्फ बुवा साळवी यांच्यासारख्यांनी त्याच्या प्रसारासाठी आयुष्य वेचले. १९८२ च्या दिल्लीच्या आशियाई क्रीडासोहळ्यात कबड्डी प्रात्यक्षिक म्हणून खेळली गेली. भारतातील रंगीत प्रसारणाचा आरंभही त्याच वर्षीचा. १९९० मध्ये बीजिंगला पदकासाठी पहिल्यांदा कबड्डी झाली आणि भारताने सुवर्णपदक जिंकले. अण्णांना ती वार्ता वर्तमानपत्रात चार ओळींत वाचावयास मिळाली. त्यांनी ते कात्रण देवघरातील पोथीत ठेवले.

दूरचित्रवाणीचा आणि गुजरातचा संबंध मात्र आमच्या घरच्या संचाहून जुना आहे. १९७५ मध्ये खेडा जिल्ह्यातील पिज येथून गावोगावच्या सार्वजनिक संचांवर प्रक्षेपण सुरू झाले. तेथील कार्यक्रमांत गावकऱ्यांचेच प्रश्न, त्यांचीच बोली आणि पुष्कळदा त्यांचेच चेहरे असत. १९८४ मध्ये या प्रकल्पाला ग्रामीण दळणवळणासाठी युनेस्कोचा पुरस्कार मिळाला. संध्याकाळी चावडीत जमून पाहावयाचे, आणि पाहिल्यानंतर तेथेच बसून त्याविषयी बोलावयाचे, अशी ती रीत होती. पुढे १९८७ मध्ये 'रामायण' सुरू झाले, तेव्हा रविवारी सकाळी स्नान करून लोक संचापुढे बसत. कित्येक घरी त्याला हार घालीत, उदबत्ती लावीत. सुशिक्षितांनी त्या भाबडेपणाची थट्टा केली. परंतु मला आज वाटते की त्या भाबड्या मंडळींना एक गोष्ट कळली होती. पाहण्यासाठी पाहणाऱ्याने काहीतरी सिद्धता केली पाहिजे, ही ती गोष्ट होय.

२०१४ च्या जुलै महिन्यात प्रो कबड्डी लीग सुरू झाली, तेव्हा अण्णा ऐंशीच्या घरात होते. गुडघ्यांनी त्यांना केव्हाच अंथरुणाशी जखडले होते. आयुष्यभर ज्या खेळाची चार ओळींत बोळवण होत असलेली त्यांनी पाहिली, तो खेळ रोज रात्री झगमगत्या दिव्यांत त्यांच्या खाटेसमोर येऊन उभा राहिला. वाळूच्या जागी गादी, लंगोटाच्या जागी रंगीत गणवेश, आणि गड्यांच्या नावाने ओरडणारे सहस्रावधी प्रेक्षक. मला वाटले होते की म्हातारा हरखून जाईल. पहिल्या दिवशी ते अर्धा तास काही बोललेच नाहीत. मग म्हणाले, "अरे, सगळे दिसते आहे, पण दम कुठे ऐकू येतो?"

त्यांचे म्हणणे खरे होते. दम घुमविण्याचा नियम आजही आहे. चढाईला तीस सेकंदांची मर्यादा आली तरी 'कबड्डी'चा उच्चार थांबला की गडी बाद. परंतु समालोचकांचा गलबला, कर्णे, संगीत आणि जाहिराती यांत तो उच्चार पार बुडून जाई. दुसऱ्या बाजूने पाहता, जे वाळूत कधीच दिसले नव्हते ते येथे दिसत होते. पायाच्या अंगठ्याने बोनस रेषा ओलांडली की नाही, बोटाचे टोक प्रतिस्पर्ध्याच्या दंडाला लागले की नाही, यावरून बोरीच्या काठी मारामाऱ्या होत. येथे तोच क्षण संथ गतीने तीन-तीन अंगांनी दाखवीत. "याने पुष्कळ डोकी फुटायची वाचली असती," असे अण्णा हसून म्हणाले. यंत्राने डोळ्याला दिव्य दृष्टी दिली होती आणि कानाला बहिरेपण.

अण्णांनी त्यावर स्वतःच उपाय शोधला. "आवाज बंद कर," ते मला म्हणाले. खोलीत शांतता झाली. पडद्यावर गड्याने मध्यरेषा ओलांडली आणि त्याच क्षणी अण्णांनी खाटेवरून, अगदी हलक्या स्वरात, 'हुतूतू, हुतूतू' सुरू केले. गडी परत येईपर्यंत त्यांनी श्वास घेतला नाही. तेव्हापासून आमच्या घरी कबड्डी अशीच पाहिली जाऊ लागली. चित्र मुंबईचे किंवा पाटण्याचे, आणि दम कामरेजच्या खाटेवरचा.

पहिल्या वर्षी ते जवळजवळ पूर्ण चढाई दमात काढीत. २०१६ च्या ऑक्टोबरात अहमदाबादला विश्वचषक स्पर्धा झाली, तेव्हा त्यांचा दम अर्ध्या वाटेत तुटू लागला होता. त्या स्पर्धेच्या पहिल्याच सामन्यात दक्षिण कोरियाने भारताला ३४ विरुद्ध ३२ असे हरविले. मी खिन्न झालो. अण्णा मात्र प्रसन्न होते. "इतक्या लांबच्या मुलांनी आपला दम उचलला, याहून अधिक काय पाहिजे?" पुढे अंतिम सामन्यात भारताने इराणला ३८ विरुद्ध २९ असे नमविले, त्याचाही आनंद त्यांनी लुटला, पण कोरियाच्या विजयाविषयी ते अधिक दिवस बोलत राहिले.

२०१८ च्या ऑगस्टमध्ये जाकार्ता येथे इराणच्या पुरुषांनी भारताला उपांत्य फेरीत हरविले, आणि अंतिम सामन्यात इराणच्या स्त्रियांनी भारताच्या स्त्रियांचा २७ विरुद्ध २४ असा पराभव केला. त्या इराणी मुलींच्या प्रशिक्षिका होत्या नाशिकच्या शैलजा जैन. हे कळल्यावर अण्णांनी डोळे मिटून हात जोडले. त्या वेळी त्यांचा दम गडी निदान रेषेपर्यंत पोहोचण्याच्या आतच संपत असे. दम तुटला की ते हाताने खूण करीत, आणि उरलेली चढाई मी पुरी करीत असे. त्याच वर्षी कार्तिकात ते गेले.

त्यांच्या मागे मी पुष्कळ दिवस संच लावला नाही. नंतर लावला तो एका पत्रामुळे. माझा भाचा आयर्लंडात कॉर्कला नोकरी करतो. त्याने लिहिले की तेथे तो बास्केटबॉलच्या नादी लागला आहे. मला नवल वाटले. १८८४ मध्ये स्थापन झालेल्या संस्थेच्या छत्राखाली आपले देशी खेळ, हर्लिंग आणि गेलिक फुटबॉल, प्राणपणाने जपणारा तो देश. तेथे गावोगावचे गडी मोबदल्यावाचून आपल्या गावासाठी खेळतात. बास्केटबॉल त्यांना परका. १८९१ मध्ये जेम्स नाइस्मिथने अमेरिकेत हिवाळ्यात मुलांना छपराखाली खेळता यावे म्हणून तो रचला. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये आयर्लंडचा संघ या खेळात शेवटच्या क्रमांकावर आला. तरीही तो खेळ तेथे रुजला, आणि १९८५ मध्ये कॉर्कच्या नेपच्यून क्लबने स्वतःचे क्रीडागार उभारले.

भाच्याने लिहिले होते, "मामा, अमेरिकेतील मोठे सामने मी पडद्यावर पाहतो, पण शनिवारी येथल्या छोट्या सभागृहात जाऊन बसतो. तेथे बुटांचा करकर आवाज ऐकू येतो, आणि ज्याने चेंडू टाकला तो सोमवारी रस्त्यात भेटतो. दूरचे पाहिल्यामुळे मला जवळचे अधिक कळते, आणि जवळचे पाहिल्यामुळे दूरचे." हे वाक्य वाचून मला अण्णांची खाट आठवली. मामाला जे पाच वर्षांत उमगले ते भाच्याने दोन ओळींत लिहून टाकले होते.

पाहण्याजोगा कार्यक्रम कोणता, असे आज मला कोणी विचारले तर मी एकच कसोटी सांगेन. जो पाहताना आपल्यापाशी असलेले काही आपल्याला त्यात घालावेसे वाटते, तो पाहण्याजोगा. पिजच्या प्रक्षेपणात गावकऱ्यांनी आपली चर्चा घातली, रामायणात भाविकांनी आपले स्नान आणि उदबत्ती घातली, अण्णांनी आपला श्वास घातला. ज्यात घालण्यासारखे काहीच सुचत नाही, जे पाहताना हात, वाणी आणि मन तिन्ही पांगळी होतात, ते कितीही झगमगीत असले तरी त्यातून दर्शन घडत नाही; केवळ वेळ जातो. आता मोठ्या देवस्थानांच्या आरत्याही पडद्यावर घरबसल्या दिसतात. त्याविषयी नाके मुरडणारे पुष्कळ आहेत. मी त्यांना विचारतो, घरातील कोणी त्या वेळी उठून समई लावते काय, आरतीत सूर मिळविते काय? लावीत असेल, मिळवीत असेल, तर अंतर तुटले. आणि गाभाऱ्यापुढे उभे राहूनही मन वहाणांपाशी असेल, तर तेथेही अंतर आहेच.

तथापि एक चिंता उरते, आणि ती मी लपवीत नाही. पडद्यावरची कबड्डी जसजशी मोठी झाली तसतशी आमच्या बाजूची मोकळी अंगणे लहान होत गेली. जेथे मुले रेघ ओढीत तेथे आज इमारती आहेत. जी जागा उरली आहे ती बहुधा देवळांच्या पुढची. हे मासिक ज्यांच्या हाती पडते त्यांपैकी अनेकांचा देवस्थानांच्या व्यवस्थेशी संबंध आहे. त्यांना माझी विनंती एवढीच की, उत्सवाच्या मंडपाखेरीजच्या दिवसांत त्या प्रांगणात मुलांना एक रेघ ओढू द्यावी. मारुतीरायाला त्याचा राग येणार नाही. श्वासाची उपासना त्यालाही परिचित आहे.

२०२३ च्या ऑक्टोबरात हांगझोऊ येथे आपल्या मुलींनी चिनी तैपेईला २६ विरुद्ध २५, म्हणजे एकाच गुणाने, हरवून सुवर्णपदक परत आणले. तो सामना मी नातीबरोबर पाहिला. ती गुजराती शाळेत शिकते, मराठी माझ्याशी बोलते, आणि अण्णांना तिने जेमतेम पाहिलेले. मी सवयीने आवाज बंद केला. "आजोबा, असे का करता?" तिने विचारले. मी काही सांगण्याऐवजी पुढच्या चढाईला दम धरला. वयोमानाने तो मध्येच तुटला. शांत खोलीत क्षणभर काही ऐकू आले नाही, आणि मग माझ्या शेजारून एक कोवळा, न थांबणारा स्वर निघाला. पडद्यावरची मुलगी सुखरूप परतेपर्यंत तो तुटला नाही.