घुमटाखालचं कासव

शेणव्याच्या माणसाचा परदेश आसनगाव स्टेशनात लोकल धरली की सुरू होतो. मी त्याच्याही पुढे, थेट लंडनला गेलो, आणि तिथल्या सेंट पॉल कॅथीड्रलमध्ये मला आपल्या देवळातलं कासव भेटलं.

चेष्टा नाही. 365 फूट उंचीचं ते देऊळ. आत शिरलेला प्रत्येक जण मान मोडेस्तोवर घुमटाकडे बघतो. मीही बघितलं. मानेला रग लागली म्हणून नजर खाली आणली, तर घुमटाखालच्या कोपऱ्यात एक संगमरवरी पुरुष उभा. अंगावर रोमन थाटाचं वस्त्र, हाताखाली ग्रंथ. नाव वाचलं : सर विल्यम जोन्स. कलकत्त्याच्या सुप्रीम कोर्टाचा न्यायाधीश! आणि त्याच्या चौथऱ्यावर कोरलेली आपली त्रिमूर्ती, समुद्रमंथन आणि कूर्मावतार. गाभाऱ्यात जाण्याआधी आपण ज्याच्या पाठीला हात लावून तो कपाळाला लावतो, तेच कासव इथे, ख्रिस्ताच्या दारात. हात पुढे गेलाच होता. रखवालदार बघत होता म्हणून आवरला.

हे जोन्ससाहेब 1783 मध्ये कलकत्त्याला उतरले. हिंदूंच्या वारसाहक्काचे खटले समोर येत, आणि शास्त्र काय म्हणतं ते पंडित सांगेल तेच मानावं लागे. ते त्यांना पटेना. मग संस्कृत भाषाच शिकायला बसले. ब्राह्मण शिकवायला राजी होईनात, तेव्हा रामलोचन नावाच्या वैद्यानं धडे दिले. जज्जाच्या खुर्चीवर बसून कोण असा शाळकरी होतो? त्यातून 1786 चं ते प्रसिद्ध भाषण निघालं : संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन एकाच कुळातल्या. 1789 मध्ये शाकुंतल इंग्रजीत आलं. 1794 मध्ये मनुस्मृती आली, आणि त्याच वर्षी साहेब कलकत्त्यातच वारले. वय अवघं 47. हा पुतळा ईस्ट इंडिया कंपनीनं जॉन बेकन या शिल्पकाराकडून करवून घेतला, 1799 मध्ये.

पण हाताखालचा तो ग्रंथ कोणता, हे कळलं आणि कासव भेटल्याचा आनंद जरा उतरला. ती मनुस्मृतीच. 25 डिसेंबर 1927 ला आपल्या कोकणात, महाडला, बाबासाहेबांच्या सत्याग्रहात जाळली ती हीच. एका न्यायाधीशानं न्याय देता यावा म्हणून उघडलेलं पुस्तक एका बॅरिस्टरच्या सत्याग्रहात न्यायासाठीच पेटवावं लागलं. ते बॅरिस्टर जिथे कायदा शिकले ते ग्रेज इन तर या पुतळ्यापासून पायी जाण्याच्या अंतरावर आहे. मी चालत गेलोही. वाटेत भुरभुर पाऊस होता, आपल्याकडच्या पावसापुढे लाजेल असा.

रामलोचनचं नाव मात्र त्या चौथऱ्यावर मला कुठे दिसलं नाही.

लंडनला गेलात तर घुमट बघाच. पण मान दुखायच्या आधी एकदा खाली वाकून तो चौथराही बघा.