‘अलिबागहून आलेय’, सांगा बिनधास्त!

“मी काय अलिबागहून आलोय का?” हा डायलॉग आपल्या ऑफिसात रोज कुणी ना कुणी मारतंच. मी मात्र परवा खरोखरच अलिबागहून आले, तेही डोक्यात कणभौतिकी घेऊन!

गेटवेहून लाँच, तासाभरात मांडवा, पुढे बस. सगळे किनाऱ्याकडे पळाले, मी जवळच्या चुंबकीय वेधशाळेकडे. खिशात मोबाइल, पट्ट्याला बक्कल. म्हणून बाहेरूनच नमस्कार. कारण इथं लोखंडाशी कट्टी!

ही वेधशाळा मूळची मुंबईतल्या कुलाब्याची. सप्टेंबर १८५९मध्ये सूर्यावरून आलेल्या चुंबकीय वादळाचा तडाखा तिथल्या यंत्रांनी टिपला होता. पुढे शहरात विजेची ट्राम येणार म्हटल्यावर पंचाईत झाली. तिच्या गोंगाटात पृथ्वीची कुजबुज ऐकू कशी येणार? मग नानाभाई मूस यांनी १९०४ साली बिऱ्हाड अलिबागला हलवलं. पण लगेच विश्वास टाकला नाही. १९०६पर्यंत दोन्हीकडे नोंदी घेऊन ताळा जमवला. ट्राम १९०७मध्ये धावली आणि १९६४मध्ये थांबली. वेधशाळा अजून ऐकतेच आहे.

आज त्याच कुलाब्यात टाटा मूलभूत संशोधन संस्था आहे. तिथले शास्त्रज्ञ जिनिव्हाजवळच्या सर्नमधल्या सीएमएस प्रयोगात आहेत. तिथं गोंगाटापासून पळायची सोयच नाही. प्रोटॉनचे झुबके सेकंदाला चार कोटी वेळा एकमेकांवर येतात. त्यात शोधायचं काय, तर ‘बी-एस’ कण फुटून फक्त दोन म्यूऑन उरणं. हे घडतं अब्जात तीनेक वेळा!

मग संगणकाची शिकवणी. एका ढिगात हव्या तशा घटनांच्या संगणकीय नकला, दुसऱ्यात नुसती गर्दी. म्यूऑन एकाच बिंदूतून निघाले का? तो बिंदू टकरीपासून किती लांब? शेजारी किती कण? अशा खुणांवरून यंत्र निवड शिकतं. सीएमएस आणि एलएचसीबी यांनी २०१५ साली ही दुर्मीळ घटना एकत्रितपणे जाहीर केली.

पण शिकवणी चुकली तर यंत्र आपल्याला हवं तेच दाखवणार. म्हणून गाळणी पक्की होईपर्यंत उत्तराची जागा झाकून ठेवतात. मूससाहेबांचा ताळा आठवला ना?

संध्याकाळी ओहोटीला कुलाबा किल्ल्यावर चालत गेले. हो, कुलाबाच! रायगड जिल्ह्याचं नाव १९८१पर्यंत कुलाबाच होतं. “चला, पाणी भरतंय,” घोडागाडीवाले काका ओरडले. लाटांच्या आवाजातही नेमकं तेवढंच ऐकू आलं.

तुम्हीही जा. फक्त भरतीची वेळ विचारून घ्या, आणि पावसाळ्यात लाँचच्या भरवशावर राहू नका!